रोज एक चित्र, तीन आकडे

जितीश कल्लाट हे मुंबईतील चित्रकार. जन्म १९७४ चा, शिक्षण सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. मृत्यू, आठवण आणि काळाची मोजदाद हे विषय त्यांच्या कामात वारंवार येतात.

'एपिलॉग' (२०१०-११) ही छायाचित्रमालिका त्यांच्या वडिलांविषयी आहे. १९३६ ते १९९८ या आयुष्यात, रोज रात्रीचा एक असे, वडिलांच्या वाट्याला २२,८८९ चंद्र आले. छायाचित्रांत चंद्राच्या जागी पोळी आहे: पौर्णिमेला अख्खी, मग घासाघासाने घटत जाणारी.

'इंटिजर स्टडीज' (२०२१) या मालिकेत त्यांनी महासाथीच्या काळात रोज एक रेखाटन केले. प्रत्येकात तीन आकडे आहेत: त्या क्षणाची जगाची अंदाजित लोकसंख्या, त्या दिवशी तोवर झालेले जन्म आणि मृत्यू. त्यांच्याभोवती अमूर्त आकार उमटतात.

हे आकडे लोकसंख्येच्या संगणकीय घड्याळातून येतात. ते घड्याळ माणसे मोजत नाही. जुन्या नोंदी आणि जन्म-मृत्यूचे दर यांवरून सेकंदागणिक अंदाज बांधते. पडद्यावरचा आकडा पुढे सरकतो, कागदावरचा तिथेच थांबतो.

भारताच्या जनगणनेलाही असाच एक क्षण धरावा लागतो. २०११ साली तो १ मार्च सुरू होतानाचा, मध्यरात्रीच्या शून्य तासाचा होता. फेब्रुवारीतील मोजणीनंतर प्रगणक पुन्हा घरोघरी गेले, मधल्या काळातले जन्म मिळवले आणि मृत्यू वजा केले. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील हिंगोली जिल्ह्याच्या लोकसंख्येचा ११,७७,३४५ हा आकडा याच रीतीने ठरला.