वेस्टमिन्स्टर ॲबीमधली राज्याभिषेकाची खुर्ची

इंग्लंडच्या राजा पहिल्या एडवर्डने 1296 मध्ये स्कॉटलंडमधून 'स्कोनचा दगड' उचलून आणला. त्यावर बसवूनच स्कॉटिश राजांना गादीवर बसवत. तो ठेवायला 1300 च्या सुमारास ही ओकची उंच पाठीची खुर्ची घडवली. दगड बसेल अशी जागा बैठकीखालीच. मूळची ती सोनेरी मुलामा चढवलेली आणि पक्षी, पानंफुलं, प्राणी रंगवलेली होती. आता रंग बहुतेक उडालाय आणि लाकडावर चक्क नावं कोरलेली आहेत! अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली शाळकरी मुलं आणि पर्यटक यांचे ते प्रताप. एकाने तर जुलै 1800 मध्ये आपण इथे रात्र काढली, असंही कोरून ठेवलंय. मला ही खुर्ची त्या खुणांसकटच प्रिय आहे.

राजाला पवित्र तेल लावणं आणि मुकुट चढवणं, दोन्ही विधी याच खुर्चीत होतात. 1950 च्या नाताळात चार स्कॉटिश विद्यार्थ्यांनी खुर्चीखालचा तो स्कोनचा दगड पळवला. काही महिन्यांनी तो परत मिळाला. 1996 मध्ये मात्र तो अधिकृतपणे स्कॉटलंडला परत गेला, आणि योग्यच झालं. 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकापुरता तो पुन्हा या खुर्चीखाली आला होता.