पिकांची संख्या आणि जोखमीची वाटणी

वऱ्हाडातील शेतकरी यंदा पेरलेल्या चार पिकांची नावे सहज सांगतो. त्यावरून त्याची जोखीम चार ठिकाणी विभागली गेली, असे मानणे मात्र चुकीचे ठरेल.

अमरावती व अकोला हे कापसाचे जिल्हे. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसास अपूर्व भाव आला. युद्ध संपताच तो उतरला. एकाच पिकावर विसंबणाऱ्यास भाव चढताना जो लाभ होतो, तोच भाव उतरताना भोवतो.

हे विसंबणे मोजता येते. गुंतवणूकदाराचा पैसा किती थोड्या भागांत एकवटला आहे, हे पाहण्यासाठी वापरला जाणारा हर्फिंडाल निर्देशांक शेतासही लागू पडतो. प्रत्येक पिकाखालील क्षेत्राचा एकूण क्षेत्रातील हिस्सा काढून त्याचा वर्ग करावयाचा व सर्व वर्गांची बेरीज घ्यावयाची. समजा, १० एकरांपैकी ८ एकर कपाशी, १ एकर तूर व १ एकर ज्वारी आहे. बेरीज ०.६४, ०.०१ व ०.०१, म्हणजे ०.६६ होते. १ ला या संख्येने भागले असता उत्तर सुमारे १.५ येते. नावे तीन, पण प्रत्यक्षात पिके दीडच! याउलट ४ एकर कपाशी, ३ एकर सोयाबीन, २ एकर तूर व १ एकर ज्वारी असल्यास निर्देशांक ०.३० वर येतो आणि पिके ३.३ भरतात. क्षेत्राऐवजी उत्पन्नाचा हिस्सा धरल्यास चित्र अधिक खरे उमटते.

तथापि या मापास एक मोठी उणीव आहे. कोणती पिके एकदमच बुडतात, हे ते सांगत नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कपाशीचे अतोनात नुकसान केले, परंतु ही अळी सोयाबीन वा तुरीवर जगत नाही. तेथे विभागणी उपयोगी पडते. पावसाचा खंड मात्र कपाशी व सोयाबीन दोन्हींस झोडपतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात भूजल खारे असल्याने विहिरीचाही आधार नाही. तेथे कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचे तास घेण्याची जुनी रीत मोलाची ठरते, कारण खोल मुळांची तूर सोयाबीन निघाल्यावरही शेतात उभी असते आणि तिचे पीक नव्या वर्षाच्या सुमारास हाती येते.