खिशातला फोन

सकाळी तुम्हांला कोण उठवते? अम्मी, की मोबाइलचा गजर? बहुतेक घरांत आता हे काम मोबाइलने आपल्याकडे घेतले आहे. किती वाजले, दुकान कोठे आहे, गृहपाठ कोणता दिला आहे, हेही आपण त्यालाच विचारतो. भाजीवाल्याचे पैसेसुद्धा त्याच्यातूनच देतो. पूर्वी घड्याळ, विजेरी, कॅमेरा, टेलिफोनची वही आणि पैशांचे पाकीट या वेगवेगळ्या वस्तू होत्या. आज त्या सर्व एका लहानशा डबीत मावल्या आहेत. सोय मोठी आहे, यात शंका नाही. मात्र ही डबी बंद पडली, की सगळ्याच वस्तू एकदम बंद पडतात.

भारतात पहिला मोबाइल फोन ३१ जुलै १९९५ रोजी केला गेला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी आलेल्या फोनचेही पैसे पडत. त्यामुळे थोड्याच लोकांकडे मोबाइल असे. बाकीचे लोक एस.टी.डी. बूथवर रांग लावत.

याला सेलफोन का म्हणतात, ठाऊक आहे? मधमाश्यांच्या पोळ्यात जशी लहान लहान घरे असतात, तसे शहराचे लहान लहान भाग पाडलेले असतात. अशा एका भागाला 'सेल' म्हणतात. तुमचा आवाज रेडिओ लहरींच्या रूपाने जवळच्या टॉवरकडे जातो व तेथून पुढे पाठवला जातो. तुम्ही लोकलमधून बोलत असाल, तर एक टॉवर तुम्हांला दुसऱ्याच्या हवाली करतो आणि बोलणे तुटत नाही! पण टॉवरला वीज लागते. वीज गेली तर त्याच्या बॅटऱ्या काही तासच पुरतात. शिवाय एक टॉवर एका वेळी ठरावीक लोकांचेच बोलणे सांभाळू शकतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईने याचा अनुभव घेतला. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या. असंख्य लोकांनी कार्यालयांत, शाळांत, बसमध्ये रात्र काढली. अनेकांचे मोबाइल लागेनात. मी अंधेरीत अडकलो होतो आणि माझे घर कुर्ल्यात, मिठी नदीजवळ. एका दुकानातला तारेचा फोन चालू होता. तेथे रांगेत उभे राहून मी शेजारच्या चाचांना फोन लावला. त्यांचा नंबर मला पाठ होता. चाचा म्हणाले, "घाबरू नकोस बेटा, तुझी अम्मी आमच्याकडे वरच्या मजल्यावर आहे." मग कोठे माझ्या जिवात जीव आला.

माझा पुतण्या नववीत आहे. मागच्या वर्षी लोकलच्या गर्दीत त्याचा मोबाइल हरवला. स्टेशनवर तो रडवेला झालेला पाहून एका बाईंनी आपला फोन पुढे केला. "कोणता नंबर लावू, बाळा?" त्यांनी विचारले. त्याला काही सांगता येईना. आजवर तो फक्त 'अब्बा' या नावावर बोट ठेवत आला होता. त्या नावामागचे दहा आकडे त्याने कधी नीट पाहिलेच नव्हते! विचारत विचारत तो रात्री उशिरा घरी पोहोचला. तोपर्यंत त्याचे अब्बा दोन पोलीस ठाण्यांत जाऊन आले होते.

त्याला रागावायला आम्ही सगळे पुढे होतो. (खरे सांगायचे तर, आमच्यापैकी किती जणांना एकमेकांचे नंबर पाठ होते, हे कोणी विचारले नाही.) त्याच्या अम्मीने मात्र दप्तराच्या आतल्या बाजूस शाईने तीन नंबर लिहिले आणि रोज झोपण्यापूर्वी ते त्याच्याकडून म्हणून घेतले.

आता मोबाइल हातात न घेता घरातल्या दोन माणसांचे नंबर तुमच्या वहीत लिहून पाहा.