घरचा स्टुडिओ (लेखांक ७) : ट्रॅक वेगळा, चॅनेल वेगळं

मागच्या लेखांकात आपण कीबोर्ड संगणकाला जोडून एका ट्रॅकवर मिडी रेकॉर्ड केलं. आज दोन ट्रॅक एकदमच घ्यायचे आहेत. नवख्यांची गाडी इथे हमखास अडते. दोन्ही ट्रॅकची लाल बटणं दाबली, मनापासून वाजवलं, आणि पाहावं तर दोन्हींवर सगळे सूर जसेच्या तसे उमटलेले! सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. ट्रॅक आणि चॅनेल यांत गल्लत झालेली असते.

मिडीच्या तारेतून आवाज जात नाही, निरोप जातात. कोणती पट्टी दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली. पट्ट्यांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत. कीबोर्डच्या मध्यावरची पांढरी एक म्हणजे ६०. अशा प्रत्येक निरोपावर १ ते १६ पैकी एक चॅनेल क्रमांक लिहिलेला असतो. जानेवारी १९८३मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स आणि रोलँड या दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवले गेले, तेव्हापासून ही व्यवस्था चालत आली आहे. त्यासाठी झटणाऱ्या डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांना २०१३मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

थोडक्यात, चॅनेल निरोपावर असतं आणि ट्रॅक सॉफ्टवेअरमध्ये. एका जोडणीवर चॅनेल सोळाच, ट्रॅक मात्र हवे तितके. कोणत्या ट्रॅकने कोणते निरोप उचलायचे, हे त्या ट्रॅकच्या इनपुटमध्ये ठरतं. तिथे ‘सर्व चॅनेल’ असेल, तर तो येईल ते सगळं उचलणार.

आता प्रत्यक्ष करून पाहू. उजव्या हाताने बासरी, डाव्या हाताने तानपुऱ्याचा सूर. कीबोर्डवर स्प्लिट करून उजवा भाग चॅनेल १ला आणि डावा २ला लावा. सॉफ्टवेअरमध्ये दोन मिडी ट्रॅक उघडा. पहिल्याच्या इनपुटला फक्त चॅनेल १, दुसऱ्याच्या फक्त २ निवडा. दोन्ही ट्रॅक आर्म करा आणि रेकॉर्ड दाबा. एबल्टन लाइव्हमध्ये एक ट्रॅक आर्म केला की एरवी दुसरा आपोआप सुटतो. तिथे कंट्रोल धरून क्लिक करा, मॅकवर कमांड. दोन वेगळे यूएसबी कीबोर्ड असतील तर काम आणखी सोपं. प्रत्येक ट्रॅकला त्याचा कीबोर्ड निवडून द्या, मग दोन्ही चॅनेल १वर असले तरी बिघडत नाही.

एवढा खटाटोप का, ते मींड घेताना कळतं. पिच बेंडच्या चाकाचा निरोप एका सुराला नव्हे, अख्ख्या चॅनेलला लागू होतो. बासरी आणि तानपुरा एकाच चॅनेलवर, एकाच वाद्याला जोडलेले असतील, तर बासरीच्या मींडेबरोबर तानपुऱ्याचा षड्जही ओढला जातो. ज्याच्या आधारावर गायचं तोच हलला, तर गाणाऱ्याने धरायचं काय? म्हणून चॅनेल वेगळी हवीत. काही कीबोर्ड चाकाचा निरोप दोन्ही भागांच्या चॅनेलवर पाठवतात. तो डाव्या भागासाठी बंद करा. शिवाय बेंडची मर्यादा बहुतेक ठिकाणी दोन स्वरांतरांची, म्हणजे दोन पट्ट्यांची असते. षड्जापासून शुद्ध गंधारापर्यंत जायला चार लागतात. बासरीच्या प्लगइनमध्ये ती वाढवून घ्या.

क्वांटाइझ मात्र जपून वापरा. काही सॉफ्टवेअरमध्ये सूर तालावर सरकतात आणि चाकाची हालचाल जुन्या जागीच राहते. मींडेची सगळी नजाकत तिथेच जाते.

या आठवड्यात आठ मात्रांचा एक तुकडा असा रेकॉर्ड करा, मग एकेक ट्रॅक सोलो करून ऐका. बासरीच्या ट्रॅकवर तानपुऱ्याचा एकही सूर नसेल, तर तुमचं जमलं. नसेल जमलं, तर सगळ्यात आधी ट्रॅकचं इनपुट तपासा. पुढच्या आठवड्यात पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा का येतो, ते पाहू.