जुनी मोटार खरेच मजबूत होती का?

सिंदेवाहीला बाजाराच्या दिवशी एखाद्या चहाच्या टपरीवर मोटारींचा विषय निघाला, तर एक वाक्य हमखास तुमच्या कानी पडेल : "आमच्या वेळची गाडी म्हणजे निव्वळ लोखंड! आताच्या गाड्या म्हणजे डालड्याचे डबे. जरा धक्का लागला की पोचा!" मग कोणी मुंबईत पाहिलेल्या डॉजची किंवा प्लिमथची आठवण काढतो, कोणी जुन्या हिंदी चित्रपटांतील इम्पालाची. नावेसारखी लांबलचक मोटार, पुढे आरशासारखी चकाकणारी क्रोमची जाळी, मागे माशाच्या परासारखे उंच पंख! ऐकणाराही क्षणभर त्या मोटारीत जाऊन बसतो.

आठवण गोड असते आणि तिचा मान राखलाच पाहिजे. पण विज्ञानाचा विद्यार्थी तिथेच थांबत नाही. तो विचारतो, "मजबूत म्हणजे नेमके काय? आणि मजबूत कोणासाठी? गाडीसाठी, की आत बसलेल्या माणसासाठी?" या एका प्रश्नाचा आज आपण पाठपुरावा करू.

अमेरिकेची मोटार, मुंबईची जुळणी

या मोटारी आपल्या लोकांच्या आठवणीत आल्या कशा? जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटारी जुळवण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे त्यांची शेवरलेट व्हायची. पुढे १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. क्रायसलर या अमेरिकन कंपनीशी करार करून तिने १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो आणि प्लिमथ मोटारी, तसेच डॉज व फार्गो ट्रक जुळवायला सुरुवात केली.

१९५३ साली सरकारने ठरविले, की सुटे भाग येथेच बनविण्याची ज्यांची योजना नाही, त्यांना नुसती जुळणी करता येणार नाही. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये येथील काम बंद केले. आयातही आवळली गेली. त्यामुळे मोठी अमेरिकन मोटार दुर्मीळ झाली आणि दुर्मीळ वस्तूची आठवण अधिकच गोड होते. कुर्ल्याहून त्यानंतर वर्षानुवर्षे बाहेर पडली ती छोटी फियाट. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. तिची काळी-पिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निघाली, तेव्हा तिच्यासाठीही लोक हळहळले.

आपल्या चांदा जिल्ह्याच्या जंगलवाटांवर मात्र ही लांब मोटार कामाची नव्हती. तिथे हवी होती जीप. तीही मूळची अमेरिकनच. महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पण ती होती आखूड, उंच आणि काटक.

फक्कीने आखलेली मोटार

आता एक उपक्रम करा. कबड्डीचे मैदान आखण्याची फक्की घ्या आणि शाळेच्या पटांगणात एक रेघ ५.७ मीटर लांबीची आखा. ही झाली १९५९ सालची कॅडिलॅक. तिच्या शेजारी ३.९ मीटरची रेघ आखा. ही आपली पद्मिनी. तिसरी रेघ ३.३ मीटरची, ती जीप. गंमत पाहा : कॅडिलॅकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतरच ३.३ मीटर होते, म्हणजे अख्खी जीप तिच्या चाकांच्या मध्ये मावावी!

वजन म्हणाल तर कॅडिलॅक सुमारे २३०० किलोग्रॅम आणि पद्मिनी सुमारे ९०० किलोग्रॅम. पद्मिनीच्या इंजिनाचे आकारमान १०८९ घन सेंटीमीटर, तर कॅडिलॅकचे सुमारे ६४००. एका इंजिनात जवळजवळ सहा पद्मिनी!

ते उंच पंख कशासाठी होते? दुसऱ्या महायुद्धातील पी-३८ लायटनिंग या दुहेरी शेपटीच्या विमानावरून अमेरिकन रचनाकारांना त्यांची कल्पना सुचली आणि १९४८ च्या कॅडिलॅकवर ते प्रथम आले. पुढे दरवर्षी ते वाढत गेले आणि १९५९ मध्ये सर्वांत उंच झाले. रस्त्यावरच्या वेगाला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. तो केवळ साज होता.

गादीवर बसल्यासारखे का वाटे?

"त्या गाडीत पोटातले पाणी हलत नसे," असे जुने लोक सांगतात. ते मात्र अगदी खरे आहे आणि त्याचे कारणही सोपे आहे. तुम्ही रिकाम्या एस. टी.च्या मागच्या बाकावर बसला असाल, तर प्रत्येक खड्ड्याला उडाला असाल. तीच बस माणसांनी गच्च भरली की तिचे उडणे कमी होते. चाकांच्या मानाने स्प्रिंगांवरचे वजन जितके जास्त, तितका चाकांचा धक्का वरपर्यंत कमी पोचतो. शिवाय चाकांमध्ये अंतर जास्त असले, की गाडी पुढेमागे कमी डोलते. मोठ्या मोटारीत या दोन्ही गोष्टी होत्या आणि स्प्रिंगाही मऊ होत्या. आठवणीचा हा भाग विज्ञानाच्या कसोटीला उतरला.

आता दुसरा भाग तपासू.

खळे आणि तणीस

धानाच्या मळणीनंतर तुम्ही तणसीच्या ढिगावर उड्या मारल्या आहेत ना? तेवढ्याच उंचीवरून सारवलेल्या टणक खळ्यावर उडी मारायला कोणी धजावत नाही. दोन्ही वेळा उंची तीच, वजन तेच, जमिनीशी पोचतानाचा वेगही तोच. मग फरक कशात? थांबायला मिळालेल्या अंतरात! खळ्यावर तुम्ही एक-दोन सेंटीमीटरांत थांबता. तणीस दबत दबत तुम्हाला हात-दीड हात अंतरात थांबविते. अंतर वाढले की बल कमी होते.

हाच हिशेब मोटारीला लावू. ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने जाणारी मोटार झाडावर आदळली. हा वेग साडेअकरा मीटर उंचीवरून पडणाऱ्या माणसाच्या वेगाइतका आहे. चांगल्या वाढलेल्या मोहाच्या शेंड्यावरून खाली पडल्यासारखेच म्हणा ना! आत ६० किलोग्रॅमचा माणूस आहे. गाडी थांबली तरी जडत्वामुळे तो १५ मीटरच्याच वेगाने पुढे जातो. समजा, पुढच्या कठीण पत्र्यावर आदळून तो ५ सेंटीमीटरांत थांबला. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे सूत्र वापरून मंदन काढा आणि त्याला वस्तुमानाने गुणा. उत्तर येते १,३५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे १४ टन वजनाइतके बल. तोच माणूस पट्ट्याने जखडलेला असेल आणि गाडीचा पुढचा भाग चुरगळत त्याला ६० सेंटीमीटर अंतरात थांबवील, तर बल ११,२५० न्यूटन, म्हणजे बरोबर बारावा हिस्सा.

आता "डालड्याच्या डब्या"कडे पुन्हा पाहा. गाडीचा पुढचा भाग चुरगळतो हा तिचा दोष नाही. तो भाग म्हणजे तिने पुढे बांधून नेलेली तणीस आहे! मात्र माणसे बसतात तो मधला भाग चुरगळता कामा नये. तो पेटीसारखा घट्ट हवा. जुन्या मोटारीत याच्या उलट होते. पुढचा भाग ताठ, पण बसण्याची जागा दुबळी. शिवाय सुकाणूचा लोखंडी दांडा पुढून थेट चालकाच्या छातीकडे रोखलेला असे. आघात होताच आत दुमडणारा दांडा अमेरिकन मोटारींत १९६७ च्या सुमारास आला.

एकाच वर्षी दोन दिशा

१९५९ हे वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेत त्या वर्षी पंख सर्वांत उंच झाले. त्याच वर्षी स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीने निल्स बोहलिन या अभियंत्याने तयार केलेला, खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा पट्टा आपल्या मोटारींत बसविला आणि त्याची रचना इतर कारखान्यांनाही मोकळी ठेवली. बेला बारेनी या अभियंत्याची चुरगळणाऱ्या पुढच्या भागाची आणि घट्ट मधल्या पेटीची कल्पनाही १९५९ मध्येच मर्सिडीझच्या नव्या मोटारीत उतरली. पंखांची छायाचित्रे लोकांनी भिंतीवर लावली. पट्ट्याचे छायाचित्र कोणी लावले नाही. पण जीव त्यानेच वाचविले.

पुढे २००९ मध्ये अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने एक विलक्षण प्रयोग केला. १९५९ ची शेवरलेट बेल एअर आणि २००९ ची शेवरलेट मालिबू या दोन मोटारी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर आदळविल्या. दोहोंच्या वजनात फारसा फरक नव्हता. चालकांच्या जागी मोजमापाची यंत्रे बसविलेले पुतळे होते. बेल एअरमधील बसण्याची जागाच चेपली गेली. तिथे खरा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूचा पुढचा भाग पार चुरगळला, पण मधली पेटी शाबूत राहिली. तिच्या चालकाच्या फार तर पायाला दुखापत झाली असती.

पण वजनाचा फायदा होतोच ना?

हा प्रश्न तुमच्यापैकी कोणी विचारला असेल, तर शाबास! होतो. पण कोणाच्या खर्चाने, ते पाहा. २३०० आणि ९०० किलोग्रॅमच्या दोन मोटारी प्रत्येकी सेकंदाला १५ मीटर वेगाने समोरासमोर आदळून एकमेकींत अडकल्या. संवेग अक्षय्य राहतो, म्हणून दोन्ही मिळून जड मोटारीच्या दिशेने सुमारे ६.६ मीटर वेगाने जातील. जड मोटारीचा वेग ८.४ मीटरने बदलला, तर हलकीचा २१.६ मीटरने. जडीने आपला धक्का हलकीच्या अंगावर ढकलला. आपल्या रस्त्यावर समोरून सायकल, मोटारसायकल, बैलगाडी येते. त्यांनी हा धक्का कोणावर ढकलावा?

सिंदेवाही तालुक्यातील रस्ते जंगलातून जातात. रात्री चितळ किंवा रानडुक्कर अचानक आडवे येते. त्या क्षणी मोटारीची सारी गतिज ऊर्जा ब्रेकना उष्णतेत बदलावी लागते. त्याच वेगाला कॅडिलॅकची ऊर्जा पद्मिनीच्या अडीचपट असे आणि त्या काळचे ड्रम-ब्रेक वरचेवर लावल्याने तापले की त्यांची पकड ढिली पडे.

आठवणीतून निसटलेला धूर

आठवणीत क्रोम चकाकते, पण धूर दिसत नाही. असली मोटार लिटरला साधारण पाच किलोमीटर जाई. सिंदेवाहीहून नागपूरला जायचे, म्हणजे सुमारे सव्वाशे किलोमीटर, तर २५ लिटर पेट्रोल! ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला, तेलाचे भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाले आणि या मोटारींचे दिवस भरले. १९७७ पासून जनरल मोटर्सनेच आपल्या मोठ्या मोटारी आखूड व हलक्या केल्या.

त्या पेट्रोलमध्ये शिसेही असे. इंजिनाची ठकठक थांबविण्यासाठी शिशाचे एक संयुग १९२३ पासून पेट्रोलमध्ये मिसळले जात होते. ते धुरातून हवेत येई आणि विशेषतः मुलांच्या मेंदूला अपाय करी. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबले.

आठवणीची कसोटी

मग टपरीवरचे आजोबा खोटे बोलतात का? मुळीच नाही. त्यांनी पाहिले तेच ते सांगतात. पण आज दिसणारी जुनी मोटार म्हणजे टिकून राहिलेली मोटार. बाकीच्या कधीच भंगारात गेल्या. तसेच ज्यांच्या छातीत सुकाणूचा दांडा घुसला, ती माणसे आठवणी सांगायला येऊ शकत नाहीत. वाचलेल्यांचीच मोजणी केली, की उत्तर चुकते. विज्ञानात हा धोका सदैव ध्यानात ठेवावा लागतो.

आज हा प्रश्न जुना झालेला नाही. रस्त्यावर पुन्हा उंच, जड मोटारी वाढू लागल्या आहेत आणि "किती भक्कम दिसते!" हेच पुन्हा ऐकू येते. दिसण्यावर जाऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅप ही मोटारींची परीक्षा सुरू झाली आहे. तिच्यातही मोटार ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहतात आणि आतील पुतळ्यांना काय झाले, ते मोजून तारे देतात.

घरी वा शेजारी कोणी मोटार घेणार असेल, तर तारे किती, हे जरूर विचारा. आणि मागच्या बाकावर बसला असाल तरी पट्टा लावा. तणीस तुमच्यापुढे पसरलेली आहे. पण तिचा लाभ जखडून बसणाऱ्यालाच मिळतो.