गोवर आणि घर

पाटण तालुक्याच्या डोंगरकपारींतील शाळांतून मीं तीस वर्षांहून अधिक काळ मास्तरकी केली. हजेरीचें पुस्तक भरतांना एक गोष्ट ध्यानांत येई. गोवराची सांथ आली म्हणजे ऐसपैस घरांतील मूल पंधरवड्यानें पुन्हां वर्गांत दिसे. एका खोलीच्या घरांतून मात्र भावंडें एकामागून एक अंथरूण धरीत, आणि मागाहून पडणारीं अधिक खंगत. रोग एकच, मग फळ निराळें कां?

गोवराचा विषाणु खोकल्याबरोबर हवेंत उडतो व कोंदट खोलींत दोन तासांपर्यंत टिकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधींपासूनच मूल तो पसरवूं लागतें. रोग ओळखूं येईतों शेजारीं निजलेलें भावंड त्याच्या तावडींत सांपडलेलें असतें. पीटर आबी या डॅनिश मानवशास्त्रज्ञानें पश्चिम आफ्रिकेंतील बिसाऊ शहराच्या १९७९ सालच्या सांथीचा अभ्यास केला. बाहेरून रोग आणणाऱ्या मुलापेक्षां घरांतच त्याच्यापासून लागण झालेलीं मुलें अधिक दगावलीं, असें त्याला आढळलें. दाटींत विषाणूची मात्राच मोठी मिळते, असा त्यानें अर्थ लावला.

मग घरें सुधारलीं कीं काम भागलें काय? तसेंहि नाहीं. इंग्लंडांत राहणी, आहार व उपचार सुधारून गोवराचे मृत्यु पुष्कळ घटले. परंतु रोग्यांची संख्या उतरली ती १९६८ सालीं लस आल्यानंतरच. चांगलें घर जीव वांचवितें, लस रोगच अडविते. गरिबाच्या मुलाला बहुधा दोहोंचीहि वाण असते.

आमच्या तालुक्यांतील माणसें पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठीं मुंबईस जात आलीं, म्हणून तेथील सांथ आम्हांस परकी नाहीं. २०२२ च्या अखेरीस मुंबईंत गोवर उसळला, त्याचा मोठा भडका गोवंडीच्या दाट वस्तींत उडाला. कोरोनाच्या काळांत पुष्कळ बालकांची लस राहून गेली होती.

लसीची पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर व दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. आतां सातारा-सांगलीकडे ऊसतोडीस येणाऱ्या कुटुंबांकडे पाहा. वर्षाचे पांच-सहा महिने बिऱ्हाड परजिल्ह्यांत, पाचटाच्या कोपींत. लसीच्या दिवशीं आई फडावर गेली नाहीं, तर खाडा पडून मजुरी कापली जाते. अशा आईला अडाणी म्हणणें सोपें आहे. तिला तो दिवस मोकळा करून देणें हें खरें काम होय.

शंभरांतील पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच गोवराची वाट बंद होते. उरलेलीं मुलें आपल्या ओळखीचींच असतात. आपल्या घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाईला तिच्या मुलाच्या लसीची तारीख विचारा, आणि त्या दिवशीं पगार न कापतां तिला रजा द्या. एवढें आपणां सर्वांच्या हातीं आहे.