शिफारसपत्र कोणाचं घ्यावं?

आजचा विषय छोटा आहे, पण त्यावर तुमचे उन्हाळ्याचे दोन महिने अवलंबून आहेत. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली, तर बी.एस्सी.चा विद्यार्थीही दोन महिने चांगल्या प्रयोगशाळेत काम करू शकतो. अर्जासोबत शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. आपली मुलं अडतात ती इथंच.

अडचण शब्दापासूनच सुरू होते. आपल्याकडे 'शिफारस' म्हटलं की वशिला आठवतो. मोठ्या माणसाची चिठ्ठी आणली की काम झालं! म्हणून मुलं प्राचार्यांकडे जातात, संस्थेच्या अध्यक्षांकडे जातात, काही तर आमदारांकडेही. पण शास्त्रज्ञाला चिठ्ठी नको असते, साक्ष हवी असते. आणि साक्षीदाराला आपण काय विचारतो? 'तुम्ही स्वतः पाहिलं का?' हीच कसोटी इथं लावायची.

कमला सोहोनींचं उदाहरण बघा. १९३३ साली त्या मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आल्या. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला त्यांनी अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्ष काम पाहू, या अटीवर घेतलं. वर्षभराचं काम पाहून रामन यांचं समाधान झालं. अट अन्यायाचीच होती, यात शंका नाही. पण पहिल्या नंबरानं जे झालं नाही, ते पाहिलेल्या कामानं झालं. तुमचं काम पाहायला कोणी तळेगावात येणार नाही. ते ज्यानं पाहिलं, त्याचं पत्रच तिथं पोहोचणार.

मग निवडायचं कोणाला? प्रोजेक्ट केला असेल, तर त्याचे मार्गदर्शक पहिले. नसेल, तर तुमचं प्रॅक्टिकल घेणारे सर किंवा मॅडम, मग ते नवे असोत की तासिका तत्त्वावरचे. त्यानंतर ज्यांच्या तासाला तुम्ही प्रश्न विचारता ते. 'विद्यार्थी होतकरू व नम्र आहे' असं कोणाबद्दलही लिहिता येतं. 'टायट्रेशनचे आकडे जुळेनात, तेव्हा हिनं ते लपवले नाहीत, द्रावण नव्यानं करून पुन्हा मोजलं' हे पाहिलेला माणूसच लिहू शकतो. प्रयोगशाळा सहायकांनी तुम्हाला सगळ्यात जास्त पाहिलेलं असतं. त्यांचं पत्र चालत नसलं, तरी त्यांनी सरांना दोन गोष्टी सांगितल्या तर पत्रात जीव येतो.

आता नेहमीचा प्रसंग. सर म्हणतात, 'तूच लिहून आण, मी सही करतो.' त्यांना वेळ नसतो, हे खरं. पण स्वतःची साक्ष स्वतः देता येत नाही. अशा वेळी पत्र नको, एक पान मुद्दे न्या: कोणता प्रयोग, कोणत्या सत्रात, काय चुकलं, कसं दुरुस्त केलं, पुढं काय शिकायचंय. सोबत प्रॅक्टिकलची वही न्या. सरांना चार ओळी लिहिणं सोपं जातं, आणि त्या त्यांच्या असतात.

मागायला शेवटच्या दिवशी जाऊ नका. निदान तीन आठवडे आधी जा. आणि असं विचारा, 'सर, माझ्या कामाबद्दल तुम्हाला लिहिता येईल का?' ते घुटमळले तर वाईट वाटून घेऊ नका, दुसऱ्या शिक्षकांना विचारा. मनातून नसलेलं पत्र मिळण्यापेक्षा हे बरं.

पालकांना एकच विनंती. ओळखीचा मोठा माणूस शोधत फिरू नका. आज घरी गेल्यावर मुलीला, मुलाला एवढंच विचारा: 'तुझं काम कोणत्या सरांनी पाहिलंय?' नाव चटकन सांगता आलं, तर पत्र कोणाकडं मागायचं ते ठरलं. नाही आलं, तर उद्याच्या प्रॅक्टिकलपासून सुरुवात करायची.